हातोडा वर असतो तेव्हा

"आधी जोड बघा, गुरुजी. डबं मागनं."

वहीचे पान माझ्यापुढे ठेवताना तो हे म्हणाला नाही, असे एकदाही झाले नाही. म्हणताना खडूने पांढरे झालेले बोट तो दोन कडव्यांच्या मधल्या कोऱ्या जागेवर दोनदा टेकवी. मी ओळी वाचायला उतावीळ झालेला असे. एक कडवे संपून दुसरे सुरू होते तिथे काय घडते, तेवढे मी आधी पाहावे, असा त्याचा आग्रह. आपणही अशी माणसे पाहिली असतील, ज्यांना घर दाखवताना खोल्यांआधी दारे दाखवायची असतात. तो त्यांतला होता.

दौंडच्या रेल्वे यार्डात तो नंबर टेकर होता. मालगाडी येऊन थांबली की इंजिनापासून शेवटच्या ब्रेकव्हॅनपर्यंत तिच्या कडेने चालत जायचे, प्रत्येक डब्याचा नंबर वहीत उतरवायचा आणि पाहून झालेल्या डब्यावर खडूने खूण करायची, हे त्याचे काम. एकेका गाडीला चाळीस-पन्नास डबे. वय सत्तावीस-अठ्ठावीस, अंगाने सडपातळ, डोक्याला रुमाल. आणि हा गृहस्थ गाणी लिहीत असे. ती गाणी अशी, की एकेक म्हणायला पंधरा-वीस मिनिटे लागत.

मी तेव्हा दौंडच्या एका शाळेत संस्कृत शिकवत होतो. घर शिरूरला, ज्याला आमच्याकडची जुनी माणसे अजून घोडनदीच म्हणतात. आठवडाभर दौंडला भाड्याच्या खोलीत राहायचे आणि शनिवारी शाळा सुटली की न्हावऱ्यावरून जाणारी एस.टी. धरून घरी जायचे, असा माझा क्रम होता. शाळेतून खोलीकडे जाणारी पायवाट यार्डाच्या कडेने जाई. एका संध्याकाळी त्या वाटेने येताना मला कोणीतरी पाठ म्हणत असल्याचा आवाज आला. माझे बालपण पाठशाळेत गेले आहे. शब्द कळत नव्हते, तरी मोजून टाकलेले पाऊल आणि मोजून घेतलेला श्वास मी ओळखला. पाहतो तो एक माणूस मालगाडीच्या कडेने चालला आहे, नंबर लिहितो आहे आणि डब्यागणिक एक ओळ पुटपुटतो आहे. दोन डबे जिथे जोडलेले असतात तिथे श्वास घेतो आहे.

मी थांबून विचारले, "कोणती संथा चालली आहे?"

गुरूने एकदा म्हणायचे आणि शिष्याने ते मागून पुनःपुन्हा म्हणून पक्के करायचे, याला आम्ही संथा म्हणतो. त्याला तो शब्द ठाऊक होता की नव्हता, कोण जाणे. त्याने माझे धोतर, टोपी आणि कपाळावरचे गंध एकदा नीट पाहून घेतले.

"मालगाडीची," तो म्हणाला. "पन्नास डब्यांची हाय. तुमची केवढी आसती?"

अशी आमची ओळख झाली.

त्याची रीत अशी होती की बसून लिहिलेले गाणे तो गाणे मानीत नसे. डोक्यात जमलेल्या ओळी घेऊन तो कामावर जाई आणि एका डब्याला एक ओळ याप्रमाणे त्या गाडीच्या कडेने चालवून पाही. जी ओळ डबा संपण्याआधी संपे किंवा डबा संपूनही उरे, ती तो कापी. पण कधीकधी एखादी ओळ मुद्दाम अर्ध्या डब्यातच थांबवी आणि उरलेला डबा मुक्याने चाले. मी कारण विचारले तर म्हणे, "चालून बघा म्हंजी कळंल." मी चालून पाहिले नाही. पुढे जे झाले त्याचे मूळ तिथेच आहे.

इतकी लांब गाणी लिहायची बुद्धी त्याला कुठून झाली, हे सांगायला हवे. रेल्वे कॉलनीत डेरिक नावाचा एक अँग्लो-इंडियन तरुण राहत असे, लोको शेडमध्ये फिटर होता. त्याच्याकडे रेकॉर्ड प्लेअर होता आणि विलायतेतल्या मामाने पाठवलेल्या तबकड्या होत्या. त्यांतल्या काही तबकड्यांची एक अख्खी बाजू म्हणजे एकच गाणे. मध्येच लय बदलते, मध्येच चर्चमधल्यासारखा ऑर्गन वाजतो, मध्येच बराच वेळ कोणी गातच नाही, आणि शेवटी पहिल्या ओळी परत येतात. डेरिक त्या प्रकाराला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणे. इंग्रजी याला पुरते कळत नव्हते, पण डेरिक त्याला अर्थ सांगे आणि हा सुटीच्या दिवशी तासन्‌तास ऐकत बसे.

"गाणं संपतच न्हाई, गुरुजी," तो मला म्हणाला होता. "नुसती स्टेशनं बदलत्यात. आपल्यात आसं का न्हाई?"

मला ते संगीत कळले, असे मी म्हणणार नाही. एकदा डेरिकच्या घरी मी एक बाजू पूर्ण ऐकली आणि खोलीवर येऊन स्नान केले, कारण कानांत घण वाजत होते. पण ओळी मराठी असतील तर त्या मला पाहता येतील, एवढे मी त्याला सांगितले. त्यानंतर तो खोलीवर येऊ लागला.

पहिल्या दिवशी तो उंबऱ्यावरच बसला. इथे वारे चांगले लागते, म्हणाला. उंबऱ्यावर बसू नये असे म्हणतात, हे मी त्याला सांगितले.

"मग आत या म्हना की," तो म्हणाला.

मी ओशाळलो. त्याला आत बोलावून चटईवर बसवले आणि चहा केला. तो खुटबावच्या बौद्ध वस्तीतला. चहाचा कप बराच वेळ हातात धरून त्याने माझ्या पोथ्यांच्या फडताळाकडे पाहिले आणि अगदी सहज सुरात, जणू गाडी लेट आहे हे सांगावे तसे, तो म्हणाला, "आमच्या आज्याच्या कानावर ह्यातलं अक्षर पडू दिलं न्हवतं कुनी. मी कान घेऊनच आलोय." माझ्याजवळ जे होते ते मी दिले. गण, मात्रा, यती, वृत्ते, जेवढे मला येत होते तेवढे मी दोन वर्षे त्याच्यापुढे मांडत राहिलो.

त्याने सगळे मन लावून ऐकले आणि जवळजवळ सगळे बाजूला ठेवले. वृत्तांविषयी त्याचे मत असे पडले की मापे उत्तम आहेत, पण ती आधीच शिवून ठेवलेली आहेत. एकच गोष्ट त्याला मनापासून आवडली. आमच्या पाठांतरात एक पद्धत आहे, तीत पहिला शब्द दुसऱ्याशी जोडून म्हणायचा, मग दुसरा तिसऱ्याशी, मग तिसरा चौथ्याशी, म्हणजे एकही शब्द गळत नाही. ती मी म्हणून दाखवली तेव्हा तो चटईवरून उठून उभा राहिला.

"म्हंजी डब्यांचं कपलिंगच की हे," तो म्हणाला. "तुमच्यात कवापासनं हाय?"

फार जुने आहे, मी म्हणालो.

"आन् तुमी मला आज सांगताय व्हय."

त्या दिवसापासून त्याच्या गाण्याच्या एका भागातले शब्द पुढच्या एखाद्या भागात परत येऊ लागले. मी त्याला अखेरपर्यंत 'तुम्ही'च म्हणत आलो. इथे 'तो' लिहितो आहे तो मायेने.

आता त्या गाण्याविषयी. दुष्काळाचे वर्ष होते. त्याची आई खुटबावजवळ दुष्काळी कामावर खडी फोडायला जात असे. रेल्वेत नोकरीला असलेला मुलगा नको म्हणत होता, तरी जात असे, कारण वस्तीतल्या सगळ्या बायका जात होत्या. काम रुळांच्या लगत होते. आसपास झाड नव्हते. त्या सुमारास एका मालगाडीच्या डब्याचे चाक तापले म्हणून तो रिकामा डबा तिथल्या सायडिंगला, म्हणजे बाजूच्या रुळावर, काढून ठेवला होता. बिघडलेल्या डब्याला रेल्वेची माणसे 'सिक' म्हणतात. तो सिक डबा दोन-अडीच महिने उभा होता आणि दुपारी त्याच्या सावलीत बसून बायका भाकरी खात. मग एके दिवशी दुरुस्ती झाली आणि गाडीला जोडून डबा नेला.

घडले एवढेच. यावर त्याने पाच भागांचे गाणे लिहिले. पहिला भाग डब्याचा:

चाक तापलं, बाजूला काढलं,
गाडी पुढं गेली.
थांबल्याला कुनी पुसलं न्हाई
तुझी वाट कुठं गेली.

दुसरा भाग संथ, ऑर्गनवर म्हणायचा:

बारा वाजता सावली बारीक,
चार बायांपुरती.
एकीनं पाय आखडून घेतलं,
पाचवीपुरती.

मी आयुष्यभर मोठमोठ्या कवींची काव्ये शिकवली आहेत आणि त्यांच्यापुढे आजही हात जोडतो. तरी हे चार चरण पहिल्यांदा वाचले तेव्हा मी वही मिटून ठेवली. यात दया हा शब्द नाही. दुष्काळ नाही, भूक नाही, कशासारखे काय हेही सांगितलेले नाही. एका बाईने पाय आखडून घेतले, एवढेच आहे. दानाविषयी मी जे जे वाचले होते ते सगळे त्या आखडलेल्या पायांत मावले आणि तरी जागा उरली.

चौथ्या भागात डबा जातो: "आज डबा जोडला. आमी उन्हात जेवलो." आणि पाचव्यात त्याने जे केले ते मी कोणत्याही शास्त्रात शिकलो नव्हतो. दुसऱ्या भागातल्या शेवटच्या दोन ओळी त्याने एकही अक्षर न बदलता परत आणल्या, फक्त सावली काढून घेतली:

डबा गेला, तरी बाया
तेवढ्याच जागी बसल्या.
एकीनं पाय आखडून घेतलं,
पाचवीपुरती.

सावली नाही, मैदान सगळे मोकळे आहे, तरी ती पाय आखडते. हे वाचून माझे डोळे भरून आले, हे मी त्याला सांगितले नाही. "जोड चांगला बसला आहे," एवढेच म्हणालो. तो त्यावरही खूश झाला.

तिसरा भाग मात्र मला नीट लागला नव्हता. तो खडी फोडण्याचा भाग होता आणि त्यात एकाआड एक ओळीत "उचल" हा शब्द एकटाच होता. त्यानंतर मोठी कोरी जागा. मग खालच्या ओळीत "दगडाला ठाव न्हाई", पुन्हा "उचल", पुन्हा कोरी जागा, "दिसाला नाव न्हाई", असे बरेच.

अशात डेरिकच्या घरच्यांचे ऑस्ट्रेलियाला जायचे ठरले. त्या वर्षांत कॉलनीतली कितीतरी कुटुंबे गेली. रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये एका रविवारी दुपारी त्यांना निरोप द्यायचा आणि त्यात डेरिकने हे गाणे म्हणायचे, असे ठरले. डेरिक गिटार वाजवणार आणि गाणार, शेडमधलाच एक जण ड्रम, आणि चर्चचा पायाचा ऑर्गन मागून आणलेला. मंगळवारी डेरिक मुंबईला निघणार होता. तो गेल्यावर हे गाणे म्हणणारे दौंडात दुसरे कोणी नव्हते. म्हणजे एकदाच, त्या दुपारीच. आणि गाणे ज्या आईवर लिहिले होते तिने ते अजून ऐकलेले नव्हते. ती खुटबावहून शटलने येणार होती.

नेमके त्याच पंधरवड्यात त्याला दुसऱ्या स्टेशनावर बदली कामाला धाडले. जाताना तो वही घेऊन माझ्याकडे आला. चार भागांची चाल डेरिकची बसली होती. तिसऱ्याचे शब्द तेवढे त्याला द्यायचे राहिले होते.

"तुमी म्हनून दाखवा, तो त्याच्या इंग्रजी अक्षरांत लिहून घील," तो म्हणाला. "हाय तसं."

हाय तसे म्हणजे उणिवेसकट नव्हे, असे मी मानले. वाचकहो, माझी बाजू ऐकून घ्या. चरणात मात्रा कमी पडल्या तर अर्थाला धक्का न लावता एखादे लहान अक्षर घालून चरण पूर्ण करावा, अशी आमच्याकडे जुनी सोय आहे. "उचल" नंतर मला सरळ सरळ तूट दिसत होती. घाईत राहिली असावी, बिचारा दोन पाळ्या करतो, असे मला वाटले. मी मोठ्या प्रेमाने प्रत्येक ठिकाणी "उचल गं सखे, उचल गं" असे करून दिले.

आणि मग मी डेरिकला ते शिकवले. मला येते त्याच पद्धतीने शिकवले. मी एकदा म्हणायचे, त्याने मागून म्हणायचे, रोज, शाळा सुटल्यावर, चौदा दिवस; मधल्या शनिवारी मी घरीही गेलो नाही. डेरिक कंटाळून म्हणे, "गुरुजी, हो गया ना, अब नींद में भी आता है." मला तेच हवे होते. झोपेतून उठवले तरी चुकणार नाही, अशी पक्की संथा मी त्याला दिली. माझ्या गुरूंना अभिमान वाटला असता.

त्या रविवारी सकाळच्या गाडीने तो परत आला आणि थेट इन्स्टिट्यूटमध्ये, तालमीला. मी पुढच्या खुर्चीवर बसलो होतो. पहिला भाग झाला, दुसरा झाला. तिसरा सुरू झाला आणि डेरिकने खणखणीत "उचल गं सखे, उचल गं" म्हटले. ड्रमवाला गडबडला, कारण जाण्याआधी याने त्याला तिथे थांबायला सांगितले होते. आमच्या नंबर टेकरने हात वर केला आणि गाणे बंद करवले. मग माझ्या खुर्चीजवळ येऊन उकिडवा बसला.

"गुरुजी, जागा भरली तुमी."

मात्रा कमी होत्या, त्या पूर्ण केल्या, मी म्हणालो. माझ्या आवाजात थोडी प्रौढी असावी.

"कमी न्हवत्या," तो म्हणाला. "तितं हातोडा वर आसतो."

मला कळले नाही. तेव्हा त्याने उजवा हात खांद्याच्या वर नेला आणि तसाच धरला. मग हात खाली आणला.

"हातोडा वर आसतो तवा मान्सं बोलत न्हाईत," तो म्हणाला. "आई गानं म्हनायची कामावर. पर हातोडा वर गेला की गप. श्वास धरलेला आसतो ना. खाली आला की पुढचा शब्द. मी लांबनं बघायचो. ते मधलं गप, तेच गानं हाय. बाकीचं नुसतं शब्द हाईत."

तो रागावला नाही. रागावला असता तर मला सोपे गेले असते. डेरिकने पुन्हा पुन्हा करून पाहिले. दर वेळी "उचल" म्हटले की त्याच्या तोंडातून पुढचे आपोआप बाहेर पडे. शेवटी त्याने गिटार मांडीवर आडवी ठेवली आणि हताशपणे हसला. "नहीं निकलता, गुरुजी. आपने पक्का सिमेंट डाला है."

तेव्हा हा म्हणाला की तिसरा डबा काढून टाकू. दुसऱ्याला थेट चौथा जोडू. मी त्याच्या तोंडाकडे पाहिले. ज्या माणसाने मला दोन वर्षे आधी जोड बघायला लावले होते, तो आपल्या गाण्याचा मधला भाग सोडायला निघाला होता, आणि तो भाग त्याच्या आईचा होता. बारा वाजत आले होते. चारला कार्यक्रम.

माझ्या वेदशाखेत स्वर नुसते गळ्याने म्हणत नाहीत, हाताने दाखवतात. लहानपणी गुरू समोर हात वर-खाली नेत आणि आम्ही त्या हातावर डोळे ठेवून म्हणत असू. हात अर्ध्यात थांबला की आमचा गळा थांबे, मग पुढचा शब्द कितीही ओठांवर आलेला असो. पाठांतराने जे पक्के होते त्याला अडवायला माझ्या माहितीत तो एकच उपाय होता. मी डेरिकला म्हणालो, तू शब्द विसरू नकोस. ते राहू देत. फक्त माझ्या हाताकडे पाहा. तो वर असेपर्यंत तोंड मिटलेले.

"हाथ देखूंगा तो गिटार कौन देखेगा?"

"गिटार आंधळ्यालाबी वाजती," हा म्हणाला. "तू हात बघ."

पण माझा हात वर किती वेळ राहायला हवा, हे मला कुठे ठाऊक होते? ते त्याने मला शिकवले. त्या रिकाम्या हॉलमध्ये तो माझ्या मागे उभा राहिला, माझे मनगट धरले आणि हातोडा कसा जातो ते दाखवले. आधी सावकाश, मग एकदम, आणि वर पोचल्यावर किंचित थांबून. पन्नाशीकडे झुकलेला मी त्या दुपारी पुन्हा शिष्य झालो. त्याने एकदा केले, मी मागून केले, मग पुन्हा, आणि पुन्हा. जेवायला कोणी गेले नाही.

चार वाजता हॉल भरला. कॉलनीतली माणसे, शेडमधले फिटर, माझ्या शाळेचे दोन शिक्षक कुतूहलाने आलेले. मागे भिंतीला टेकून खुटबावच्या चार-पाच बायका खाली सतरंजीवर बसल्या होत्या. त्यांतली त्याची आई कोणती, हे मला माहीत नव्हते.

मी व्यासपीठाखाली अगदी पुढे, डेरिकसमोर उभा राहिलो. दुसरा भाग संपला. "पुरती" या शब्दावर ऑर्गन विरत गेला आणि ड्रमची पहिली थाप पडली. डेरिकने माझ्याकडे पाहिले. "उचल," तो म्हणाला. मी हात वर नेला.

त्याचे ओठ पुढच्या अक्षरासाठी उघडलेले मला दिसले. ते मिटले. हॉलमध्ये पंखे फिरत असल्याचा आवाज आला. मी हात खाली आणला आणि त्याने म्हटले, "दगडाला ठाव न्हाई."

किती वेळा उचलला ते मी मोजले नाही. मध्यावर माझा खांदा भरून आला. हातात लोखंड नव्हते, काही नव्हते, रिकामा हात होता, आणि तरी तो जड झाला. एकदाही तो अर्ध्यातून खाली आला नाही, हे माझ्या गुरूंचे देणे. आणि प्रत्येक वेळी तो वर असताना माझाही श्वास धरलेला होता, हे त्याने शिकवले नव्हते. ते आपोआप झाले. शब्दाला मी जन्मभर देव मानत आलो. शब्द जिथे थांबतो तिथेही नमस्कार करावा, हे मला त्या दुपारी एका मालगाडीच्या नंबर टेकरने शिकवले, आणि ते उपकार मी अजून वाहतो आहे.

पाचवा भाग झाला. एकीने पाय आखडून घेतले, पाचवीपुरते, आणि गाणे संपले. टाळ्या उशिरा पडल्या, पण पडल्या. तो कुठे दिसेना. मागाहून कळले की शेवटच्या भागाला तो बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिला होता. डेरिक घामाघूम होऊन माझ्याकडे बोट दाखवत सगळ्यांना सांगत होता की हे आमचे बँडमास्टर. हे नाव पुढे शाळेच्या शिक्षकखोलीत मला निवृत्तीपर्यंत चिकटले.

मी भिंतीशी बसलेल्या बायकांकडे गेलो. आई कोण, हे विचारायची गरज पडली नाही. त्यांतल्या एकीने मला येताना पाहिले आणि माझ्यासाठी पाय आखडून घेतले.

"बसा," ती म्हणाली. मी सतरंजीवर बसलो. ती माझ्या उजव्या हाताकडे पाहत होती.

"गुरुजी, तुमी कंच्या कामावर व्हता?"

मी म्हणालो की मी शाळेत शिकवतो.

"ते न्हवं. खडी कवा फोडली?"

मी कधीच फोडली नाही, असे सांगितले. तिचा विश्वास बसला नाही. शेजारणीकडे वळून ती म्हणाली, "न्हाई म्हनत्यात. पर हात बघ की. हात कामावरचा हाय."

इतक्या सभांत माझा सत्कार झाला, शाली मिळाल्या. याच्या जवळपास जाईल असे काही मला कोणी दिले नाही.

डेरिक मंगळवारी गेला. वहीची एक प्रत त्याच्याबरोबर गेली आणि मूळ वही याच्याकडे राहिली. दुसऱ्या वर्षी याची भुसावळकडे बदली झाली. जायच्या आदल्या दिवशी खोलीवर आला तेव्हा तो पुन्हा उंबऱ्यावरच बसला आणि मी काही बोलायच्या आत म्हणाला, "आता वाऱ्यासाठीच बसलोय." काही वर्षे पोस्टकार्डे येत राहिली. प्रत्येकावर दोन-चार नव्या ओळी आणि खाली "जोड बघा". मग ती थांबली. पुढे एकदा दौंड स्टेशनावर त्याच्या बरोबरीचा एक जण भेटला, त्याच्याकडून कळले की तो गेला. कामावरच, गाडीच्या कडेने चालताना छातीत कळ आली. ब्रेकव्हॅनपर्यंत पोचला होता का, हे विचारायचे माझ्या ओठांवर आले होते. विचारले नाही.

वही कुठे आहे, मला ठाऊक नाही. पाची भाग मला तोंडपाठ आहेत, संथेचा तेवढा गुण. माझी ती "गं सखे"ची भरसुद्धा पाठ आहे. ती विसरायचा मी प्रयत्न करत नाही. चूक लक्षात राहिलेली बरी.

आता मी शिरूरलाच असतो. पहाटे घोडनदीवर जाणे होत नाही, पूजा घरातच होते. आरती संपत आली की घंटेचा हात वर जातो आणि अलीकडे तो तिथे थोडा थांबतो. घंटा वाजत नाही, मी पुढचा शब्द म्हणत नाही. मागे बसलेल्या आमच्या सौभाग्यवती दर वेळी काळजीने विचारतात, "विसरलात का हो?"

मी उत्तर देत नाही. हात वर असतो.